तुझी अर्धी राहिलेली पुस्तकं

आई,

आज वाचनालयात एक मुलगी आली. दहावीची परीक्षा नुकतीच झालेली, दोन वेण्या, आणि काउंटरवर कोपरं टेकून उभं राहण्याची ती आगाऊ तऱ्हा. मोबाइल हातात असताना पुस्तक मागायला आलेली पोर म्हणजे आजकाल आम्हाला पाहुणीच, म्हणून मी चष्मा सारखा करून नीट ऐकायला लागले. "आईसाठी चांगलं पुस्तक द्या," ती म्हणाली. मी विचारलं, आईला काय आवडतं? क्षणभरही न थांबता उत्तर आलं, "रहस्यकथा. नाहीतर भुताच्या. फार जाड नको. आणि संसाराचं रडगाणं नको." मला हसू आलं. मग मी माझा नेहमीचा दुसरा प्रश्न विचारला. मागच्या वेळी नेलेलं आईचं पूर्ण वाचून झालं होतं का? ती गोंधळली. "झालं असेल," म्हणाली. मी नियम मोडून दोन पुस्तकं दिली, एक तिचं आणि एक आईचं, आणि बजावलं की आईचं आई म्हणेल तेव्हाच परत आणायचं. बाईचं डोकं जरा फिरलेलं दिसतंय, असा चेहरा करून ती गेली. संध्याकाळी घरी आले, कुकर लावला, आणि वरणाला फोडणी न देताच हे लिहायला बसले. तुला मी कधी पत्र लिहिलंच नाही. मी धुळ्यात, तू जळगावात, मधे एस.टी. होती, पत्राची गरजच पडली नाही.

ऐंशी सालानंतरची ती वर्षं. आबा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, गल्लीत टीव्ही एकाच घरी, आणि पेठेतल्या त्या वाचनालयात तुझ्या नावाचं कार्ड. कार्ड तुझं होतं, कारण मुलांच्या विभागातली सगळी पुस्तकं माझी वाचून झाली होती आणि मोठ्यांचं कार्ड अठरा वर्षांशिवाय मिळत नव्हतं. एका कार्डावर एकच पुस्तक. कपाटांपर्यंत वाचकाला जाता येत नसे. मधे लाकडी काउंटर, त्यावर जाळी, आणि जाळीमागे ग्रंथपाल, ज्यांना सगळे नाना म्हणत. आपण काय हवं ते सांगायचं, नाना मागे जाऊन शोधून आणणार. आपल्याकडच्या बहुतेक बाया स्वतः कधी तिथं जात नसत, पोरासोरांना पाठवत. मग नाना पोरांनाच विचारायचे, आईला मागचं आवडलं का गं? आणि पोरं जे सांगतील त्यावरून ते न पाहिलेल्या बाईसाठी पुढचं पुस्तक निवडायचे. मन लावून निवडायचे. मी आज जे काम करते ते त्यांच्याकडेच पाहून शिकले. फक्त त्यांच्या जाळीपलीकडे उभी असलेली मी खोटारडी होते. "आईला शिकारीचं पाहिजे," मी सांगायची. "आईला जहाजाचं पाहिजे, वादळ असलेलं. आईला खून असला तर चालेल." नानांच्या डोळ्यांसमोर तू कशी उभी राहिली असशील देव जाणे, बहुतेक कमरेला पिस्तूल लावून पोळ्या लाटणारी.

त्या पुस्तकांतलं तुझ्या वाट्याला किती यायचं ते मला तेव्हाही दिसत होतं, आई. दिसत नव्हतं असं आता म्हणणार नाही. मी पुस्तक घरी आणलं की शाळेची पिशवी टाकून त्यावर झडप घालायची आणि दोन दिवसांत फडशा पाडायची. तुझं वाचन दुपारचं, भांडी घासून झाल्यावर, ओट्याला पाठ टेकून, ओठ हलवत. चार पानं झाली की कोणीतरी हाक मारायचं, नाहीतर गिरणीवर जायची वेळ व्हायची. मग तू केसांतला आकडा काढून खूण म्हणून पानात घालायचीस. माझं पुस्तक संपलं की मी तो आकडा काढून खिडकीत ठेवायची आणि वाचनालयाकडे पळायची. तू मोरीतून हात पुसत यायचीस, खिडकीत आकडा दिसला की तुला कळायचं, पुस्तक गेलं. तू तो परत केसांत खोवायचीस आणि रात्री जेवताना सहज विचारायचीस, "मंग पुढे काय झालं वं?"

"सापडला चोर."

"कोन व्हता?"

"दिवाणजी."

"दिवाणजी? मले तं वाटलंच नव्हतं. चांगला बोलत व्हता." आणि तू भाकरीचा तुकडा हातात धरून त्या दिवाणजीचा विचार करत बसायचीस. तुला अजून काही विचारायचं असायचं. मी मात्र ताटावरून उठलेली असायची, नवीन पुस्तकात शिरायला. "एवढंच गं आई, अजून काय सांगू," हे मी किती कंटाळून म्हणायची. आज वाचनालयात अनोळखी माणसाला एखाद्या कादंबरीबद्दल अर्धा तास सांगते आणि लोक कौतुक करतात, बाई किती आपुलकीनं सांगतात म्हणून. तेव्हा मला मान वर करवत नाही.

पण तू काही नुसती अर्ध्यावर बसणारी नव्हतीस. जिथं पुस्तक हातातून गेलं तिथून पुढचं तू स्वतःच रचायचीस आणि दुपारी गल्लीतल्या बायांना सांगायचीस, डाळ निवडता निवडता, शेंगा फोडता फोडता. शेजारच्या अक्का, धुळ्याकडच्या, त्यांना तर तुझ्या गोष्टीशिवाय चैन पडायचं नाही. तू जास्तीत जास्त पाहिलेलं जग म्हणजे तुझं गाव असोदा, जळगाव आणि भुसावळ, तेव्हा गोष्ट कुठल्याही मुलखातली असो, तुझी माणसं शेवटी भुसावळ स्टेशनावर उतरायची. समुद्रावर फुटलेल्या जहाजातला खलाशीसुद्धा तू भुसावळला आणून रेल्वेत चिकटवला होतास. एका राजकन्येचं लग्न तू असोद्याच्या केळीवाल्याशी लावलंस आणि वर सांगितलंस की जावईबापू स्वभावानं चांगले होते, फक्त तंबाखू खायचे. बाया हसून हसून लोळायच्या. मी दारात उभी राहून ऐकायची आणि मला लाज वाटायची. माझ्या पुस्तकांची तू मोडतोड करतेस असं वाटायचं. माझी पुस्तकं! कार्ड तुझं होतं ते मी विसरलेच होते.

एकदाच तू माझ्याबरोबर वाचनालयात आलीस. बाजारातून परतत होतो, तुझ्या पिशवीत वांगी आणि कोथिंबीर. मी पुस्तक बदलायला वळले आणि तूही आत आलीस. मी तुला बाहेर थांब म्हणाले होते, पण ऊन होतं. नानांनी कार्ड पाहिलं, तुझ्याकडे पाहिलं आणि खुर्चीवरून उठलेच. "तुम्हीच का त्या? वहिनी, तुमच्यासारखी वाचणारी बाई आमच्याकडे दुसरी नाही. काय तो वेग, काय ती आवड! शिकार, समुद्र, खून, काही सोडत नाही तुम्ही." वाचनालयात वर्तमानपत्र वाचणारे दोघं-तिघं माना वळवून पाहू लागले. तू माझ्याकडे पाहिलंस. मी फरशीकडे. मला वाटलं, आता तू सांगणार, अहो नाना, मला कुठली शिकार. तू पदर खांद्यावर सारखा केलास आणि म्हणालीस, "दुपारी वेळ असतो ना." तुझ्या तोंडून असं शुद्ध, शाळेतल्यासारखं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. माझी लाज राखायला तू ते जुळवलं होतंस.

नाना खुशीत येऊन म्हणाले, "आज तुम्ही समोरच आहात, तर तुम्हीच सांगा, काय देऊ?" तुला हे कोणी कधी विचारलं नव्हतं. वाचनालयात नाही आणि घरीही नाही. कधीपासून मनात असल्यासारखं तू सांगितलंस, "ते धरणाचं होतं ना एक. गाव पाण्याखाली जातं, सगळे उठतात, आणि एक पोरगी उठत नाही. ते." नाना म्हणाले, "ते तर तुम्ही मागच्या महिन्यात नेलं होतं." तू म्हणालीस, "पुन्हा वाचीन म्हणते." नानांना ते फार आवडलं. पुन्हा वाचणारा वाचक म्हणजे खरा वाचक, असं काहीतरी पुटपुटत ते कपाटांमागे गेले. आणि मी तुझ्या कानाशी लागले. "आई, ते नको ना. माझं झालंय ते वाचून. मग मी आठवडाभर काय वाचू?" एवढंच बोलले मी. नाना पुस्तक घेऊन आले, फुंकर मारून धूळ उडवली आणि तुझ्यासमोर ठेवलं. तू त्याच्या पुठ्ठ्यावर हात ठेवलास, उचललं मात्र नाहीस. "राहू द्या नाना. नवीन काही असेल तर द्या." नाना जरा हिरमुसले. त्यांनी समुद्री चाच्यांचं एक पुस्तक दिलं, ते तू वांग्यांवर ठेवलंस आणि आपण निघालो. वाटेत तू इतकंच म्हणालीस की नाना मानूस चांगला आहे.

मग उन्हाळा आला. आपल्या घराच्या धाब्यावर, वर गच्चीत, बिबड्यांचा, ज्वारीच्या पापडांचा दिवस होता. पहाटेपासून दादर ज्वारीचा घाटा शिजत होता, लसणाचा आणि तिळाचा वास गल्लीभर, आणि पाच-सहा बाया ओल्या फडक्यांवर बिबड्या थापून खाटांवर पसरलेल्या कापडावर सोडत होत्या. तू धरणाची गोष्ट लावली होतीस. तुला अर्धीच मिळालेली, गावात पाणी शिरतं तिथपर्यंतची. मी कापडाच्या कडांवर दगड ठेवत होते.

"मंग त्या पोरीनं काय व्हयनं वं?" अक्कांनी विचारलं.

"काय व्हनार बाई," तू थापता थापता म्हणालीस, "पानी घरात आलं, तं तिनं बोचकं बांधलं अन् भुसावयच्या गाडीत बसली. तथी तिले रेल्वेच्या कॉलनीत सैपाकाचं काम भेटलं. अन् एक दिवस डबा घेऊन गेली तं समोर कोन? तिचा हरपलेला भाऊ! हातात झेंडी घेऊन उभा!"

बाया "अगं माय" म्हणाल्या, कोणीतरी डोळ्यांना पदर लावला. आणि मी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आई, काहीही सांगू नकोस. असलं काही नाहीये त्या पुस्तकात. ती शेवटी नदीत जीव देते. तू अर्धंच वाचलंयस. मी पूर्ण वाचलंय."

तुझा हात फडक्यावर थांबला. एक तरुण सून फिसकन हसली आणि गप्प झाली. अक्का मला म्हणाल्या, "राहू दे वं बाई. तुनी माय सांगस तेच आमले गोड लागस." पण तू अक्कांकडे पाहिलं नाहीस. माझ्याकडे पाहून तू विचारलंस, "मेली ती?"

"हो."

"मले काय माहीत, बाई," तू म्हणालीस. "मी तं अर्धंच वाचलं व्हतं." त्यात तक्रार नव्हती, टोमणा नव्हता, तू फक्त कबूल करत होतीस. मग हातातली बिबडी तू कापडावर सोडलीस ती दुमडली, आणि घाटा जास्त पातळ झालाय असं म्हणून तू खाली गेलीस. घाटा पातळ झाला नव्हता.

त्यानंतर तू गोष्ट सांगितली नाहीस. बायांनी आग्रह केला की म्हणायचीस, मला काही येत नाही, पोरीला विचारा, तिचं पूर्ण वाचलेलं असतं. हे तू कौतुकानंच म्हणतेस, असं मला तेव्हा खरंच वाटायचं. हळूहळू पुस्तकही तू हातात घेईनाशी झालीस. डोळे दुखतात म्हणालीस. अठरा पूर्ण झाल्यावर मी माझं कार्ड काढलं आणि तुझं बंद केलं. नानांनी विचारलं, "आईचं वाचन थांबलं का गं?" मी सांगितलं, डोळे दुखतात. ते म्हणाले, मोठ्या अक्षरातलं काही शोधतो त्यांच्यासाठी. ते खरंच शोधत असणार. मी नंतर त्यांना भेटायचं टाळू लागले, आणि पुढे ग्रंथालयाचा कोर्स करून धुळ्याला नोकरीला लागले.

इथं माझं बरं चाललं, तुला माहीत आहे. भुसावळहून रेल्वेतून निवृत्त होऊन आलेले एक गृहस्थ माझ्या हातचं असल्याशिवाय पुस्तक नेत नसत. पहूरकडून शिकायला आलेली, चार माणसांत तोंड न उघडणारी पोरं माझ्याशी पुस्तकांवर तावातावानं भांडत. कोणाला काय द्यावं हे मला कळतं असं लोक म्हणतात. त्यात खरं कसब थोडं, बाकी धास्ती. समोरचा माणूस खरं कोणासाठी नेतोय, घरी कोण वाचणार, कोणाच्या हातातून काढून कोण परत आणणार, हे मी वकिलासारखं खोदून विचारते. नवीन लागलेली सहकारी हसते मला. मी तिला सांगते, विचारावं लागतं.

आता जे लिहायचंय त्यासाठी मी मघाशी उठून पाणी पिऊन आले. धुळ्यात लागून वर्ष झालं असेल, तेव्हा कपाटं लावताना ते धरणाचं पुस्तक माझ्या हाती आलं. आमच्या वाचनालयात होतं ते. दुपारी काउंटरवर कोणी नव्हतं, मी सहज शेवटचं प्रकरण उघडलं. आई, ती पोरगी मरत नाही. नदीत जीव देणारी दुसऱ्याच कादंबरीतली, त्याच आठवड्यात घाईघाईनं वाचलेली. मी दोन्हींची खिचडी केली होती. या पुस्तकात ती पाण्यातून निघते, सडकेवर येते, बोचकं घेऊन एस.टी.त बसते. कंडक्टर विचारतो, कुठलं तिकीट देऊ? आणि पुस्तक तिथंच संपतं. ती काय सांगते ते लिहिलेलंच नाही. म्हणजे तू तिला भुसावळला उतरवलं होतंस त्याला कोणाचीच हरकत नव्हती, लेखकाचीसुद्धा नाही. मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. बाहेर सायकलींच्या घंट्या वाजत होत्या.

तू तेव्हा जिवंत होतीस. हेच मला सांगायचं होतं. तू त्यानंतर बरीच वर्षं होतीस, दमा वाढेपर्यंत चांगली हिंडतीफिरती होतीस. पुढच्याच रविवारी मी ते पुस्तक पिशवीत घालून पारोळा, एरंडोल करत जळगावला आले. सगळ्या वाटेत मनात घोकत होते, आई, मी चुकले, तू नव्हती चुकलीस. घरी आले तर तू तुरीच्या शेंगा सोलत होतीस आणि अक्का येऊन बसल्या होत्या. तू अक्कांना म्हणालीस, "पोरीले बठ्ठी पुस्तकं तोंडपाठ आहेत आता. धुयाचे मोठमोठे लोक तिले इचारून वाचतात." अक्कांची भाषाही थोडी तुझ्या तोंडी बसली होती. तू माझ्याकडे पाहून हसलीस. मला वाटलं, अक्कांसमोर नको, त्या गेल्या की सांगू. अक्का गेल्या. तू चहा टाकलास. माझ्या फुगलेल्या पिशवीकडे पाहून विचारलंस, "काय आणलं वं?"

"वाचनालयाचं काम आहे," मी म्हणाले.

तू रागावली असतीस असं नाही. तू रागावली नसतीस, तेच मला सोसलं नसतं. आणि खरं सांगायचं तर मला तोंडपाठ असणारी मुलगी राहायचं होतं, निदान तुझ्यासमोर तरी. मी चहा प्यायले, तू डब्यात लसणाची चटणी भरून दिलीस, आणि पुस्तक त्याच पिशवीतून धुळ्याला परत आलं. नंतरच्या प्रत्येक रविवारी पुढच्या रविवारवर ढकलत गेले. तुझ्या शेवटच्या दिवसांत दवाखान्यात तुझ्या उशाशी बसले होते, तेव्हाही सांगितलं नाही. तुला बोलायला दम नव्हता, पण ऐकू येत होतं.

तू गेलीस तेव्हा तुझ्या लेखी ती पोरगी नदीत बुडून मेलेली होती.